माझ्या बाकावरची सोबतीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आनंदाचे बोलावे असा आपला रिवाज आहे. वर्षाचा अहवाल वाचला जातो, लहान मुली गाणी म्हणतात, हळदीकुंकू होते, आणि फराळ करून आपण आपापल्या घरी जातो. यंदा चिटणीसबाईंनी मला "अक्कांविषयी दोन शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. ज्या माणसाविषयी आपल्याला पुष्कळ ठाऊक असते त्याच्याविषयी दोन शब्द बोलणे फार अवघड जाते. शिवाय अक्कांविषयी खरे बोलावयाचे तर मला स्वतःविषयीही थोडे बोलावे लागणार, आणि ते माझ्या मोठेपणाचे नाही. तथापि ती गेल्याला आता वर्ष होत आले. शाळेतली तिची सोबतीण म्हणून गावात आता मी एकटीच उरले आहे. मी बोलले नाही तर ही हकीकत माझ्याबरोबरच जाईल, असे वाटले म्हणून उभी राहिले आहे.

तुम्ही सर्वजणी तिला अक्का म्हणत होता. मला मात्र तिची तीन नावे ठाऊक होती. एक शाळेच्या हजेरीतले, दुसरे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले, आणि तिसरे हे तुमचे अक्का. पहिली दोन नावे मी येथे घेत नाही, कारण हे भाषण स्मरणिकेत छापावयाचे आहे आणि आपले नाव छापून आलेले तिला मुळीच आवडले नसते. तुमच्यासमोर ती अक्का आहे, तेवढे पुरे.

आम्ही दोघी १९४७ सालच्या. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले तेव्हा आम्ही नुकत्या पाऊल टाकू लागलो होतो. त्या वेळी आपले अहमदपूर बीदर जिल्ह्यात होते, हे आजच्या मुलींना सांगितले तर त्या हसतात. आमच्या घरची वडीलमाणसे कोर्टकचेरीच्या कामाला बीदरला जात. आमच्या आजोबांच्या तोंडी शाळेला 'मदरसा' हाच शब्द होता, आणि कुणी किती शिकला हे सांगताना ते 'तहतानिया', 'वस्तानिया', 'फोकानिया' असे म्हणत. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातले अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तीन तालुके मुंबई राज्याला मिळाले, आणि आपण उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, मोडू लागलो. लातूर जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ ला.

हे मी अशासाठी सांगते की, आम्हांला शाळेत गुरुजींनी ही बातमी दिली तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. आम्ही चौथीत होतो. गुरुजी म्हणाले, "मुलांनो, आपण आता मुंबई राज्यात आलो." सर्व वर्ग गप्प होता. तेवढ्यात माझ्या शेजारून ती उभी राहिली आणि तिने विचारले, "मग गुरुजी, समुद्र कधी येणार?" सारा वर्ग हसला. गुरुजीही हसले. परंतु ती हसली नाही. तिला खरोखरीच उत्तर पाहिजे होते. गुरुजींनी मग नकाशा काढला, बोटाने अहमदपूर दाखविले, मुंबई दाखविली, आणि समुद्र काही आपल्याकडे येत नाही, आपल्यालाच त्याच्याकडे जावे लागते, असे सांगितले. ती खाली बसली आणि माझ्या कानात म्हणाली, "मग आपण जाऊ." आम्ही पुढे गेलो नाही ही गोष्ट निराळी.

आमच्या वर्गात मुलगे पुष्कळ आणि मुली तीन. त्यामुळे मुलींचा एक बाक होता. तिसरी मुलगी पाचवीनंतर यावयाची बंद झाली, आणि तो बाक आम्हां दोघींचा झाला. दौत तिची, टाक माझा. माझे अक्षर वळणदार होते, तिचे गिचमीड. गणित मात्र तिचे. मी पाटीवर मांडणी करीपर्यंत तिचे उत्तर तयार असे.

तुमच्यापैकी ज्या माझ्या वयाच्या आहेत त्यांना हाली शिक्का आठवत असेल. निजामाचा रुपया तो हाली, आणि हिंदुस्थान सरकारचा रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. व्यवहारातून हाली गेला तरी म्हाताऱ्या बायांच्या तोंडून तो जात नव्हता. त्यात १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. दुकानादुकानांतून कोष्टकाचे कागद टांगले गेले : एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. मोठी माणसे गोंधळून गेली होती.

एके दिवशी आम्हां तीन मैत्रिणींना मिळून तीन आण्यांचे फुटाणे घ्यावयाचे होते. मी दुकानाची पायरी चढणार, तोच तिने माझा परकर ओढला. म्हणाली, "थांब गं. तिघींनी येगयेगळं एकेका आण्याचं घ्यायचं. मग अठराच पैसे लागतात. एकदम घेतलं की एकोणीस." आम्ही तसे केले. तिसरीच्या वेळी दुकानदाराच्या लक्षात आले, आणि तो रागावण्याऐवजी इतका हसला की त्याने आमच्या ओच्यात आणखी एक मूठ टाकली. एक नवा पैसा वाचविण्याची ही अक्कल त्या वेळी नऊ-दहा वर्षांच्या मुलीला होती! मला ती कधीच सुचली नसती. तेव्हा मला तिचे कौतुक वाटले, आणि पोटात थोडे दुखलेही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तिच्या वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन होती. दर येळवशीला मी त्यांच्या शेतात जात असे. मार्गशीर्षातली अमावस्या. ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभरा घाट्यांवर, तुरीला शेंगा. कडब्याची कोप उभी करावयाची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडावयाचे, आंबिलाच्या बिंदग्या डोक्यावरून वाहून आणावयाच्या. तिची आई जी भज्जी करी तिची चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवावयास बसविण्याचा आग्रह. तिचे वडील हा आग्रह इतक्या मायेने करीत की माणसाला नाही म्हणता येत नसे. हे मी मुद्दाम सांगते. पुढे जे झाले त्यात ते दुष्ट होते असे तुम्ही समजू नये. गरीब होते, आणि या मुलीच्या पाठीवर आणखी तीन मुली होत्या.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा आम्ही सातवी संपवून आठवीत जात होतो. पुढील दोन्ही वर्षे तिचा पहिला नंबर आणि माझा दुसरा. मुलगे आमच्या मागे. नववीचा निकाल लागला तो १९६२ च्या उन्हाळ्यात. पुन्हा ती पहिली. निकालाच्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिचे प्रगतिपुस्तक गुरुजींनी माझ्याजवळ दिले, आणि त्याबरोबर एक घडी घातलेली चिठ्ठीही दिली.

गुरुजींना कुठून तरी कळले होते की तिच्या लग्नाचे चालले आहे. ते सुट्टीसाठी त्याच दिवशी आपल्या गावी निघाले होते. मला म्हणाले, "ही चिठ्ठी तिच्या वडिलांच्या हातात दे. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा तूच वाचून दाखव. नीट वाच. आणि तिलाही ऐकू दे."

चिठ्ठी बंद नव्हती. मी ती वाटेतच वाचली. गुरुजींनी लिहिले होते की, मुलगी फार हुशार आहे, अशी विद्यार्थिनी मला अनेक वर्षांत मिळाली नाही. फीची काळजी करू नये, सरकारने कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना फी माफीची सवलत दिली आहे, तिचा अर्ज मी स्वतः भरून देतो. मॅट्रिक होईपर्यंत लग्नाचे थांबवावे, ही हात जोडून विनंती.

भगिनींनो, ही सवलत खरी होती. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १९५९ साली आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरांसाठी ती सुरू केली होती. ई. बी. सी. म्हणत तिला. तिच्या जोरावर पुष्कळ शेतकऱ्यांची मुले त्या काळात शिकली.

मी ती चिठ्ठी पोचविली नाही.

पहिल्या दिवशी ऊन फार होते. दुसऱ्या दिवशी घरी कुरडया घालावयाच्या होत्या. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, लोकांच्या लग्नकार्यात आपण लहान तोंडाने कशाला बोलावे. ही सगळी कारणे खरी होती, पण खरे कारण त्यांतले एकही नव्हते. मनात कुठे तरी खोल मला वाटत होते की, ती गेली तर पहिला नंबर माझा येईल. पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनात एवढे येऊ शकते. मी आज अठ्ठ्याहत्तरी ओलांडल्यावर ते सांगते आहे. आठ दिवसांनी सुपारी फुटल्याचे कळले. आता काय उपयोग, असे मी स्वतःला सांगितले आणि चिठ्ठी चुलीत घातली.

ज्येष्ठात लग्न झाले. कायद्याने त्यात वावगे काही नव्हते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुलीला पंधरा वर्षे पुरी झालेली असली की पुरत होती. अठरा वर्षांची अट आली ती १९७८ साली. हळद लागली त्या दिवशी मी तिच्याजवळ बसले होते. तिने मला हळूच विचारले, "शाळा कधी उघडणार गं?" मी तारीख सांगितली. मग थोड्या वेळाने तिने विचारले, "गुरुजींनी माझं काही विचारलं का?"

मी म्हणाले, "नाही."

तिने मान हलविली आणि हातातल्या हिरव्या चुड्याकडे पाहत राहिली. पुढे तिने काही विचारले नाही. शाळा उघडली तेव्हा गुरुजींची बदली झालेली होती, त्यामुळे माझे खोटे कुणालाच कळले नाही. पुढच्या वर्षी माझा पहिला नंबर आला. वडिलांनी पेढे वाटले. ते मला कडू लागले असे सांगितले तर ते खोटे होईल. गोड लागले.

मी मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले, नोकरी केली, निवृत्तही झाले. ती तालुक्यातल्याच एका खेड्यात नांदली. सण, लग्नकार्य, माळेगावच्या खंडोबाची जत्रा, अशा निमित्ताने आमची गाठ पडे. ती नेहमी आधी माझ्या शाळेविषयी विचारी. मुलांना अपूर्णांक कसे शिकवतेस, असे काहीतरी. मी उत्तर देऊन विषय बदलीत असे.

१९७२ च्या दुष्काळात मी तिला रस्त्याच्या कामावर पाहिले. तुम्हांला ते साल सांगावयास नको. विहिरी आटल्या होत्या, दावणीची जनावरे बाजारात मिळेल त्या भावाने गेली होती, आणि चांगल्या घरच्या बाया पदर पुढे ओढून खडी फोडावयास बसल्या होत्या. तीही बसली होती, तान्हे मूल पलीकडे लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. मला पाहून हसली. दुपारच्या सुट्टीत तिने कमरेची पिशवी उघडून एक वही दाखविली. तिच्या टोळीतल्या सगळ्या बायांची नावे, आणि प्रत्येकीपुढे दिवसांच्या रेघा. हजेरीपटावर एखादीचा दिवस कमी लागला की ही वही घेऊन ती पगाराच्या दिवशी उभी राही. बायांना सही येत नव्हती, अंगठे उमटत होते. पण दिवस पुरे मोजले जात होते, कारण हिशेब ठेवणारी एकजण त्यांच्यात होती. मला म्हणाली, "ते फुटाण्याचे पैसे आठवतात का गं? तसंच हाय हे. एकेकीचं येगळं धरलं तरच हिशेब लागतो."

अक्षर तसेच गिचमीड होते. बेरीज एकही चुकलेली नव्हती. त्या दिवशी मी तिला सगळे सांगावयास हवे होते. सांगितले नाही.

पुढे तिचा मुलगा अहमदपुरात स्थायिक झाला आणि ती त्याच्याकडे राहावयास आली. आपल्या मंडळात ती कशी आली, भिशीचा हिशेब तिच्याकडे कसा गेला, ज्यांना सही येत नव्हती त्यांना तिने कशी शिकविली, हे तुम्ही पाहिले आहे. त्याविषयी मी बोलत नाही. तुम्ही न पाहिलेली गोष्ट २०१२ सालची आहे.

तिला वयाच्या पुराव्यासाठी शाळेचा दाखला पाहिजे होता. मी बरोबर गेले. जुनी दप्तरे काढून त्यांनी दाखल्याची नक्कल दिली. बाहेर पायरीवर बसून तिने चष्मा लावला आणि तो कागद मोठ्याने वाचू लागली. जन्मस्थान, अहमदपूर, जिल्हा बीदर. याचे तिला फार हसू आले. वर्तणूक, चांगली. प्रगती, उत्तम. मग ती एका रकान्यापाशी थांबली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून.

तिने तो रकाना दोनदा वाचला. म्हणाली, "एकट्या बानंच विनंती केली म्हणायची. दुसऱ्या कुणी काय केली नाही."

त्या पायरीवर, पन्नास वर्षांनंतर, मी तिला चिठ्ठीची गोष्ट सांगितली. चिठ्ठीतला शब्दन् शब्द मला पाठ होता. तो म्हणून दाखविला. चूल सांगितली. हळदीच्या दिवशी केलेले 'नाही' सांगितले, आणि पहिल्या नंबराचेही सांगितले. काही ठेवले नाही.

ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चिठ्ठीनं बा काय ऐकला नसता गं. तीन पोरी पाठीवर होत्या. लगीन व्हायचं ते झालंच असतं." मला जरा हायसे वाटले. तोच तिने पुढे म्हटले, "पण गुरुजींनी माझ्यासाठी हात जोडले होते, हे मला ठाऊक असतं. पन्नास वर्षं मी समजून होते, माझी कुणाला आठवणच आली नाही."

भगिनींनो, मी चाळीस वर्षे शाळेत शिकविले, पण मला हे कळले नव्हते. मला वाटत होते की, मी तिची शाळा हिरावली. शाळा कदाचित तशीही गेलीच असती. मी जे हिरावले ते दुसरेच होते. आपण कुणाला तरी मोलाच्या वाटलो होतो, आपल्यासाठी कुणी तरी शब्द टाकला होता, एवढी शिदोरी घेऊन ती सासरी जाऊ शकली असती. ती शिदोरी मी चुलीत घातली.

त्यानंतर ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मंडळात येई, हिशेब करी, आणि जाई. तिने मला क्षमा केली असे ती कधीच म्हणाली नाही, आणि मीही तसे कधी विचारले नाही. मी एकदा घाबरत घाबरत सुचविले की, तुझा सतरा नंबरचा फॉर्म भरू, बाहेरून दहावीला बस, मी शिकविते. तेव्हा मात्र ती हसली. "तुझं ओझं उतरायला मी या वयात परीक्षा द्यायची होय?" असे म्हणाली.

आणि एके दिवशी संध्याकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. "चप्पल घाल. चिठ्ठी पोचवायची आहे."

पलीकडच्या वस्तीत एक कुटुंब होते. नवराबायको दरवर्षी ऊसतोडीला जात. नववीतली मुलगी मागे एकटी कशी ठेवावी, या चिंतेने त्यांनी जाण्यापूर्वी तिचे लग्न उरकावयाचे ठरविले होते. आपल्याकडे पुष्कळ घरी असेच होते. आईबाप मुलीचे वैरी नसतात. सहा महिने परमुलखात राहावयाचे, पाठीमागे तरुण मुलगी, आणि सांभाळणारे कुणी नाही, या भीतीपोटी लग्न होते. अक्का हे जाणत होती, म्हणून तिने त्यांना उपदेश केला नाही. तिने मुलीला बाहेर बोलावले, शेजारी बसविले, आणि आईबापांसमोर मला म्हणाली, "आता सांग, शाळेत हिच्याविषयी काय म्हणतात ते." मी त्या शाळेत चौकशी करून आलेच होते. मुलीच्या बाई तिच्या निबंधाविषयी काय म्हणाल्या ते मी सांगितले. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. तिचे कान लाल झाले होते. मग अक्काने विचारले, "सहा महिने हिला माझ्या घरी ठेवता का?"

अक्का त्या घरी चार वेळा गेली. मुलगी सहा महिने तिच्याकडे राहिली, पुढे बारावी झाली, आज स्वतःच्या पायावर उभी आहे. दुसऱ्या एका घरी मात्र आमचे काही चालले नाही. लग्न झालेच. परत येताना मी म्हणाले, फुकट गेले गं. ती म्हणाली, "फुकट कशानं? पोरीनं ऐकलं की."

दिवंगत माणसाची स्तुती करणे सोपे असते. ती मला करावयाची नाही, आणि तिला ती चाललीही नसती. अक्का रागीट होती. हिशेबात एक रुपया चुकला तर चारचौघींत बोले. आपल्यातल्या काहीजणींना तिचे बोलणे लागलेही असेल. परंतु तिच्यामागे आपण काय करावे हे मला ठाऊक आहे, आणि तेवढे सांगून मी थांबते.

आज मुलीच्या लग्नाला अठरा वर्षे पुरी लागतात. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, त्यासाठी नेमलेले अधिकारी आहेत, आणि संकटातल्या मुलासाठी १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक आहे. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांत सुमारे बावीस जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे आपल्या मुलींच्या प्रत्येक बाकावरून कुणी ना कुणी अजूनही उठून जात आहे. कायद्याचे काम कायदा करील, आणि जेथे गरज असेल तेथे त्याला बोलावण्यास आपण भिऊ नये. पण कायद्याच्या आधी शेजारीण पोचू शकते. तिला चप्पल घालण्याएवढाच वेळ लागतो.

ज्या मुलीचे नाव शाळेतून निघणार असे कानावर येईल, तिच्या घरी आपल्यापैकी दोघींनी जावे. आईबापांची अडचण आधी ऐकावी. सहा महिने मुलगी ठेवून घेण्याची सोय आपल्या कुणाच्या घरी होत असेल तर ती करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, जे बोलावयाचे ते मुलीसमोर बोलावे. तिच्यासाठी कुणी शब्द टाकला हे तिच्या कानांनी तिला ऐकू द्यावे. लग्न थांबले तर उत्तम. न थांबले तरी ती मुलगी रिकाम्या हाताने जाणार नाही.

आणखी एक विनंती माझ्या वयाच्या बायांना. तुमच्याही बाकावरून कुणी तरी मध्येच उठून गेली असेल. ती हयात असेल तर तिला एकदा भेटा. तिच्याविषयी कुणी बरे बोलले असेल, आणि ते सांगावयाचे तुमच्याकडून राहून गेले असेल, तर ते आता सांगा. मला पन्नास वर्षे लागली, तरी ती हयात होती म्हणून सांगता आले. हे माझे भाग्य. प्रत्येकीला ते मिळेल असे नाही.

यंदा येळवशीला मी एकटीच शेतात गेले होते, तिच्या भावकीतल्या लोकांनी आठवणीने बोलाविले म्हणून. आता तेथे ज्वारी थोडी आणि सोयाबीनचे रान जास्त आहे, पण कोप तशीच होती, आणि वाटेवरच्या माणसाला हाताला धरून आणण्याचा आग्रहही तसाच होता. आंबिलाचा पहिला पेला हातात आला तेव्हा मी सवयीने शेजारी पाहिले.